फुटणें सोपें, जुळणें अवघड

हल्लीं पुष्कळ सुशिक्षित घरांतून एखादा तरी मुलगा, सून किंवा नात संगणकाच्या धंद्यांत असते. त्यांतून काम घरीं बसूनच चालत असलें म्हणजे दाराआडून तें बोलणें वडील मंडळींच्या कानांवर पडतें. 'माझी ब्रँच अजून मर्ज झाली नाहीं,' 'त्या ब्रँचशीं कॉन्फ्लिक्ट आला आहे,' 'आज सगळें मर्ज करूनच उठेन' — हीं वाक्यें ऐकून आजोबांस वाटतें कीं कचेरींत कांहीं तंटा माजला आहे, आणि आजीबाईंस वाटतें कीं नात बँकेच्या एखाद्या शाखेंत लागली! वस्तुतः तेथें बँकहि नसते व बहुधा तंटाहि नसतो. मात्र या तीन शब्दांमागें जी एक विद्या आहे, ती जाणून घेण्यासारखी आहे. पुष्कळांनीं एकाच वेळीं एकाच वस्तूला हात लावावा आणि तरीहि ती वस्तु एकच राहावी, हा जो एकत्र कुटुंबाचा जुना प्रश्न, तोच या विद्येपुढें निराळ्या वेषांत उभा आहे. आणि गेल्या पन्नासांहून अधिक वर्षांत तिनें त्याला जीं उत्तरें शोधिलीं, त्यांपैकीं कांहीं आपणांसहि उपयोगीं पडण्याजोगीं आहेत.

संगणकाला काम सांगावयाचें तें लेखी सांगावें लागतें. या लेखी हुकुमांना आज्ञावली म्हणतात. ती कितीहि गहन असली तरी अखेर ओळीओळींनीं लिहिलेला मजकूरच असतो, आणि मोठ्या आज्ञावलींत अशा ओळी लाखांनीं मोजाव्या लागतात. त्या एकट्यानें लिहून होत नाहींत. दहा, शंभर, प्रसंगीं हजारों माणसें त्यांवर काम करितात. यांपैकीं एखाद्यानें मूळ मजकुरापासून आपला निराळा धागा काढून त्यावर स्वतंत्रपणें काम करणें म्हणजे शाखा काढणें, अर्थात् ब्रँच. आणि काम झाल्यावर तें मूळ प्रवाहांत परत आणून मिळविणें म्हणजे जुळणी, अर्थात् मर्ज. कोणी, केव्हां, काय व कां बदललें, याची वही ठेवणारी जी व्यवस्था, तिला आवृत्ति-नियंत्रण म्हणतात. त्या वहींतील प्रत्येक नोंदीला कमिट असें नांव आहे.

जुळणींत अवघड तें काय, हें समजण्यास आपल्या परिचयाचें एक उदाहरण कल्पूं. एका घराण्याचा कुलवृत्तान्त वडिलांनीं एका वहींत लिहून ठेवला आहे. तिच्या दोन नकला झाल्या. एक पुण्याच्या घरीं गेली, दुसरी इंदूरच्या. वर्षभर दोन्ही घरच्या मंडळींनीं आपापल्या नकलेंत भर घातली, चुका सुधारल्या, नांवें खोडलीं. पुढें लग्नकार्याच्या निमित्तानें दोन्ही वह्या शेजारींशेजारीं ठेवून पाहतात, तों त्यांत चाळीस ठिकाणीं फरक! इंदूरच्या वहींत गोदूताईंचें नांव आहे, पुण्याच्या वहींत नाहीं. आतां हें नांव इंदूरकरांनीं नवें घातलें, कीं पुणेकरांनीं जुनें काढलें? केवळ दोनच वह्या समोर असतील, तर या प्रश्नाचें उत्तर ब्रह्मदेवालाहि देतां येणार नाहीं.

परंतु ज्या वहीवरून दोन्ही नकला झाल्या ती मूळ वही जवळ असेल, तर बहुतेक कोडें आपोआप सुटतें. जेथें पुण्याची वही मुळाशीं जुळते व इंदूरची जुळत नाहीं, तेथें बदल इंदूरकरांनीं केला आहे, तो घ्यावा. जेथें इंदूरची वही मुळाशीं जुळते व पुण्याची जुळत नाहीं, तेथें पुणेकरांचा बदल घ्यावा. दोघांनींहि एकच बदल केला असेल तर प्रश्नच उरत नाहीं. राहतां राहिलीं तीं ठिकाणें, जेथें दोघांनींहि मूळ सोडलें आणि दोघे दोन दिशांना गेले. चाळिसांपैकीं अशीं ठिकाणें दोनचारच निघावयाचीं. संगणकाच्या धंद्यांत ज्याला कॉन्फ्लिक्ट म्हणतात तो हाच. या रीतीला तिहेरी जुळणी असें म्हणतां येईल. नव्या साधनांची जुळणी मुख्यतः याच तत्त्वावर चालते.

मुळाची प्रत जपून ठेवण्याचें मोल काय, याचा मोठा दाखला पुण्यांतच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम १९१९ सालीं हातीं घेतलें, तें १९६६ सालीं पुरें झालें. देशाच्या निरनिराळ्या भागांतील बाराशेंहून अधिक हस्तलिखितें त्यासाठीं ताडून पाहावीं लागलीं. दोन पिढ्यांच्या पंडितांना इतके श्रम पडण्याचें मुख्य कारण हेंच, कीं सर्व पाठ ज्या मुळापासून फुटले तें मूळ कोणाजवळहि नव्हतें. त्याचें अनुमानच करावें लागलें. शाखा कोठून फुटली याची नोंद ठेवणें हें काम क्षणाचें. पण ती नोंद नसली, तर तेवढी उणीव भरून काढण्यास कधीं कधीं अर्धें शतक लागतें.

संगणकाच्या जगानें प्रारंभीं हा प्रश्न सोडविला नाहीं, टाळला. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत मार्क रॉचकाइंड यांनीं १९७२ सालीं आवृत्ति-नियंत्रणाची एक व्यवस्था तयार केली, आणि पुढील दशकाच्या आरंभीं पर्ड्यू विद्यापीठांतील वाल्टर टिशी यांनीं तिच्याहून सुटसुटीत अशी दुसरी रचली. दोहोंचा मार्ग कुलपाचा होता. एकानें एखादें प्रकरण सुधारावयास घेतलें, कीं त्याला कुलूप पडावयाचें. त्याचें काम होईपर्यंत इतरांनीं तें वाचावें, पण त्याला लेखणी लावूं नये. यांत तंट्याला जागा नाहीं हें खरें. परंतु किल्ली कनवटीला लावून गृहस्थ रजेवर गेला, म्हणजे बाकीच्यांचें काम खोळंबावयाचें! कोठीची किल्ली एकाच हातीं असलेल्या घरांतील सुनांना ही अडचण कोणी समजावून सांगावयास नको.

ॲमस्टरडॅम येथील प्राध्यापक डिक ग्रून यांना आपल्या दोन विद्यार्थ्यांसह एकाच आज्ञावलीवर काम करावयाचें होतें, आणि तिघांच्या वेळा मुळींच जुळत नसत. त्यांनीं १९८६ सालीं कुलपाची अट काढून टाकली. ज्यानें त्यानें आपल्या सवडीनें आपल्या नकलेवर लिहावें व मागाहून तें एकत्र करावें, अशी ही नवी तऱ्हा. हिच्यापासून पुढें शाखा काढणें रूढ झालें. पण एक मोठी खोट राहिली. पूर्वींची जुळणी कोठवर झाली होती, याची आठवण व्यवस्था स्वतः ठेवीत नसे. ती माणसानें निराळी टिपून ठेवावी लागे. फार प्रसार पावलेल्या सबव्हर्जन या व्यवस्थेंत ही सोय २००८ सालीं आली. तोंवर जुळणीचा दिवस म्हणजे संकटाचा दिवस असे. म्हणून लोक तो पुढें ढकलीत; पुढें ढकलल्यानें अंतर वाढे; आणि अंतर वाढल्यानें भीति आणखी वाढे. वाण्याच्या उधारीचें जें होतें तेंच येथेंहि होई.

ही स्थिति पालटली ती एका अडचणींतून. लिनक्स या नांवाची, कोणालाहि विनामूल्य वापरतां व सुधारतां येणारी जी विख्यात प्रणाली आहे, तिचा गाभा लिनस टोरवाल्ड्स यांच्या देखरेखीखालीं जगभरचे लोक मिळून लिहितात. २००२ पासून ते यासाठीं एका खासगी कंपनीचें बिटकीपर नांवाचें साधन वापरीत. तें त्यांना फुकट मिळे. पण २००५ च्या एप्रिलांत ही सवलत काढून घेण्यांत आली. ३ एप्रिल रोजीं टोरवाल्ड्स यांनीं आपलें स्वतःचें साधन लिहावयास घेतलें, १८ एप्रिलला त्यांत अनेक शाखांची पहिली जुळणी झाली, आणि त्याच जूनमध्यें लिनक्सची नवी आवृत्ति त्याच्या साह्यानें बाहेर पडली. या साधनाचें नांव गिट. त्याच वर्षीं जुलैपासून त्याची जोपासना जुनिओ हमानो यांच्याकडे गेली, आणि आज या धंद्यांतील बहुतेकांची मुलेंबाळें ज्या वहींत हिशेब लिहितात ती वही हीच.

गिटमध्यें शाखा काढणें म्हणजे सर्व मजकुराची नवी नक्कल करणेंहि नव्हे. शाखा ही एक चिठ्ठी असते. तिच्यावर शेवटच्या नोंदीचा चाळीस अक्षरांचा क्रमांक लिहिलेला असतो, इतकेंच. प्रत्येक नोंदीच्या पोटांत तिच्या आधींच्या नोंदीचा, म्हणजे तिच्या जनकाचा, क्रमांक असतो. जुळणीच्या नोंदीला मात्र दोन जनक असतात. त्यामुळें कोणत्याहि दोन शाखा घेतल्या, कीं वंशावळ मागें मागें चाळीत त्यांचा सामाईक पूर्वज क्षणांत सांपडतो, आणि तिहेरी जुळणीला लागणारी ती तिसरी वही सदैव हाताशीं राहते. जनक दोहोंपेक्षां अधिकहि असूं शकतात. जानेवारी २०१४ मध्यें लिनक्समध्यें एका जुळणीला ६६ जनक निघाले, तेव्हां खुद्द टोरवाल्ड्स यांनींहि ती स्वीकारली खरी, पण इतका मोठा गोतावळा एका वेळीं नको, अशी विनोदानें समज दिली!

सारांश, फुटणें आतां अगदीं स्वस्त झालें आहे. एका चिठ्ठीच्या खर्चांत शाखा निघते. जुळणें मात्र तितकें स्वस्त झालें नाहीं व होणारहि नाहीं. कारण जेथें दोघांनीं एकाच ओळीला दोन रूपें दिलीं आहेत, तेथें यंत्र निर्णय देत नाहीं. गिट अशा ठिकाणीं थांबतें, दोन्ही मजकूर एकाखालीं एक लिहितें, भोंवतीं ठळक खुणा करितें आणि माणसाची वाट पाहतें. आम्हांस या यंत्राचा हा गुण सर्वांत थोर वाटतो. आपणांस जें समजत नाहीं तें समजल्याचें सोंग तें आणीत नाहीं.

आतां खरी परीक्षा माणसाची. दमलेल्या माणसापुढें दोन सोपे मार्ग असतात: सर्वत्र 'माझेंच खरें' म्हणावें, किंवा सर्वत्र 'तुझेंच घे' म्हणून मोकळें व्हावें. दोन्ही मार्गांनीं खुणा नाहींशा होतात, यंत्राचें समाधान होतें आणि दिवसाचें काम उरकतें. पण दुसऱ्यानें आठ दिवस खपून केलेली दुरुस्ती त्यांत गडप झालेली असते, आणि ती गेली हें त्यालाहि कळत नाहीं. कारण वहींत 'जुळणी झाली' अशी साळसूद नोंद असते. उघड भांडणांत निदान दोघांनाहि आपापली हानि दिसते. येथें हानि न बोलतां होते. म्हणून जाणते लोक नवशिक्यांना सांगतात, कीं कॉन्फ्लिक्ट आल्यास ती ओळ ज्यानें लिहिली त्याला आधीं विचारा. तुम्हांला दोन ओळी दिसतात. त्या लिहितांना मनांत असलेले दोन हेतु दिसत नाहींत, आणि जुळवावयाचे असतात ते हेतु.

याहूनहि फसवा प्रकार म्हणजे जेथें तंटा दिसतच नाहीं तो. पुन्हां आपल्या कुलवृत्तान्ताकडे वळूं. पुणेकरांनीं ठरविलें कीं घरगुती नांवें काढून पाळण्यांतलीं खरीं नांवें घालावीं, आणि वहीभर जेथें जेथें 'बंडू' होतें तेथें तेथें 'विनायक' लिहिलें. इकडे इंदूरकरांनीं निराळ्याच पानावर नवी ओळ घातली, 'बंडूचा मुलगा श्रीधर'. दोघांनीं एकाच ओळीला हात लावला नाहीं. यंत्र दोन्ही बदल बिनतक्रार स्वीकारील. आणि जुळलेल्या वहींत श्रीधरला असा बाप मिळेल, कीं जो सबंध घराण्यांत कोठेंच नाहीं! आज्ञावलींत अगदीं असेंच घडतें. एकानें एका कृतीचें नांव बदललें, दुसऱ्यानें त्याच वेळीं जुन्या नांवानें तिला हांक मारली. कॉन्फ्लिक्ट मुळींच नाहीं, पण सगळें यंत्र बंद. यास्तव जुळणी झाली म्हणून उठून जावयाचें नसतें. जुळलेलें सर्व पुन्हां चालवून, तपासून पाहावें लागतें. अक्षरें जुळलीं याचा अर्थ अर्थ जुळला असा नव्हे.

हें सर्व मोठ्या प्रमाणावर कसें साधतात, याचा नमुना लिनक्सचाच आहे. तेथें साधारण नऊ-दहा आठवड्यांनीं नवी आवृत्ति निघते, आणि तिच्यांत हजाराहून अधिक माणसांच्या दहा हजारांहून अधिक नोंदी येतात. एक माणूस हें सर्व वाचूं शकणार नाहीं. म्हणून गाभ्याचे विभाग पाडले आहेत आणि प्रत्येक विभागाला एक कारभारी आहे. ज्याचें त्याचें काम आधीं त्या कारभाऱ्याच्या शाखेंत जुळतें, आणि कारभाऱ्यांच्या शाखा टोरवाल्ड्स यांच्याकडे जातात. नवें काम स्वीकारण्याचें दार सुमारें दोनच आठवडे उघडें असतें. मग तें बंद होतें आणि उरलेला काळ केवळ दोष काढण्यांत जातो. शिवाय ऐन वेळीं घोटाळा नको म्हणून २००८ सालीं ऑस्ट्रेलियांतील स्टीफन रॉथवेल यांनीं एक रंगीत तालीम सुरू केली. सर्व कारभाऱ्यांच्या शाखा कामाच्या दिवसांत रोजच्या रोज एका प्रायोगिक शाखेंत जुळवून पाहावयाच्या, म्हणजे उद्यां जीं भांडणें व्हावयाचीं तीं आजच, लहान असतांनाच, नजरेस येतात. लग्नाच्या दोन्ही घरचे यजमान मुहूर्ताच्या आदल्या रात्रीं प्रथमच एकमेकांची यादी पाहूं लागले तर काय होईल, हें मनांत आणिलें म्हणजे या तालमीचें महत्त्व पटेल.

शाखा जुळविण्याची आणखीहि एक रीत आहे. तिला रीबेस म्हणतात. तिच्यांत आपण महिन्यापूर्वीं केलेलें काम जणूं आजच्या मजकुरावरच केलें होतें, अशा प्रकारें नोंदी पुन्हां लिहून काढतात. वही सरळ, एकेरी व वाचावयास सुखाची होते. कोणी म्हणतात हीच रीत चांगली. कोणी म्हणतात हा इतिहास खोटा. आमच्या मतें लिनक्सच्या मंडळींनीं घालून दिलेला दंडक शहाणपणाचा आहे: नोंदी आपल्याजवळच आहेत तोंवर त्या खुशाल नीटनेटक्या कराव्या, पण त्यांच्या नकला दुसऱ्यांनीं घेतल्यावर सहसा त्यांना हात लावूं नये. पत्राचा कच्चा खर्डा कितीहि वेळां खोडावा. टपालांत पडलेलें पत्र मात्र लिहिलें तसेंच राहिलें पाहिजे. त्यावर विसंबून दुसऱ्या कोणीं उत्तर लिहावयास घेतलेलें असतें.

शाखा फार दिवस वेगळी राहिली म्हणजे काय होतें, याचीं दोन उदाहरणें प्रसिद्ध आहेत. जीसीसी हें आज्ञावलींचें यंत्राच्या भाषेंत रूपांतर करणारें एक अत्यंत महत्त्वाचें साधन. नव्या सुधारणा मूळ प्रवाहांत लवकर स्वीकारल्या जात नाहींत म्हणून १९९७ सालीं कांहीं मंडळींनीं तिची निराळी चूल मांडली. पण मूळ घराकडे त्यांनीं पाठ फिरविली नाहीं. वेगळी पाती भरभराटली, आणि एप्रिल १९९९ मध्यें वडील घरानें मोठ्या मनानें त्याच मंडळींच्या हातीं कारभार सोंपविला. जुलैमध्यें दोन्ही मिळून एक आवृत्ति निघाली. एमॅक्स या लेखन-साधनाचें मात्र असें झालें नाहीं. १९९१ सालीं त्याची एक शाखा फुटली, ती पुढें एक्सएमॅक्स या नांवानें चालली. कांहीं भेद रचनेचे, कांहीं हक्काच्या कागदपत्रांचे. जुळणी कधींच झाली नाहीं. एका घरांत झालेली सुधारणा दुसऱ्या घरीं पुन्हां नव्यानें लिहावी लागे, आणि हे दुहेरी श्रम करतां करतां शेवटीं धाकटी पाती क्षीण झाली. फुटण्याचें धैर्य दोन्हीकडे होतें. जुळण्याची तयारी एकीकडेच होती.

या विद्येंतून घरगुती व्यवहारासाठीं घेण्याजोगे नियम चार आहेत. घरचा कुलवृत्तान्त असो, वांटणीचा मसुदा असो, कीं मंडळाचा जमाखर्च असो. नकला देण्यापूर्वीं मूळ प्रत तारीख घालून एका ठिकाणीं बंद करून ठेवावी, आणि तिच्यावर कोणींहि लिहूं नये. नकला वर्षानें नव्हे, महिन्यानें जुळवाव्या. जेथें दोघांचें लिहिणें अडतें, तेथें वडीलपणाच्या अधिकारानें एक ओळ खोडण्यापूर्वीं ती लिहिणाऱ्यास बोलावून त्याचा हेतु ऐकावा. आणि शेवटचें, बदल काय केला हें कागदावर दिसतेंच. तो कां केला, तें शेजारीं एका ओळींत लिहावें. लिनक्सच्या कारभाऱ्यांनाहि प्रत्येक जुळणीसोबत असें कारण लिहावयास सांगितलेलें असतें. दहा वर्षांनीं वही उघडणाऱ्याला आपण भेटणार नाहीं. तेव्हां त्याच्याशीं बोलावयास ती एक ओळच राहिलेली असेल.